रीलमधला अभंग पुढे पाठवण्याआधी

माझ्याकडे पखवाज शिकायला येणाऱ्या बऱ्याच पोरांच्या इन्स्टा बायोत हल्ली 'कट्टर वारकरी' असतं. एकादशी कधी, ते मात्र आईला विचारावं लागतं. आपण कोण, हे त्यांना वीस सेकंदांची रील सांगते. आषाढीच्या तोंडावर एक ओळ तर हमखास फिरते: 'नाठाळाचे माथी हाणू काठी'. मागे ढोल, ज्वाळा आणि तुकोबांचा फोटो. पोरं म्हणतात, "बुवा, बघा, तुकोबाच सांगतायत!"

अशी रील आली की आधी अख्खा अभंग शोधा. छापील गाथा असेल तर उत्तमच. 1950 साली सरकारनं काढलेल्या गाथेत 4607 अभंग आहेत. पण गाथेची सूची अभंगाच्या पहिल्या ओळीवरून लावलेली असते आणि रीलवाले उचलतात मधली ओळ. म्हणून गाथा विकिस्रोत या मोफत ग्रंथांच्या साइटवर उघडा आणि तिथे शोधा. तिथेही फिरणारी ओळ जशीच्या तशी टाकली तर सापडणार नाही, कारण गाथेत ती 'नाठाळा चि काठी देऊं माथां' अशी आहे. जुनी छपाई, सगळीकडे अनुस्वार. नुसतं 'नाठाळा' टाका.

सापडला की पहिल्या चरणापासून वाचा. 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास' अशी सुरुवात. पुढे 'जो जो जो जें मागे तें तें देऊं'. काठी येते ती लंगोटी सोडून देण्याच्या तयारीनंतर, त्याच कडव्यात. आणि शेवट 'तुका म्हणे आम्ही अवघे चि गोड'. काठी नाहीच, असं म्हणून मी कुणाची समजूत घालत नाही. आहे ना काठी, वज्रही आहे. पण मेण आधी आहे. मग चालीवर म्हणा. काठीवर थांबताच येत नाही, पुन्हा ध्रुपदावर, म्हणजे 'जो जो जो जें मागे'च्या कडव्यावर, यावंच लागतं.

अभंग सापडलाच नाही, तर नुसत्या 'तुका म्हणे'वर भुलू नका. ती नाममुद्रा कुणालाही कशालाही चिकटवता येते. गावातल्या जाणत्या कीर्तनकाराला विचारा, तोवर स्टेटसला ठेवू नका.

आता फोनचं. रील शेवटपर्यंत पाहिली, परत पाहिली, मित्राला पाठवली, की तसल्याच आणखी येतात. रागानं पाठवली तरी येतात, हे पोरांना पटायला वेळ लागतो. नको असेल तर 'नॉट इंटरेस्टेड' दाबा. फारच साचलं असेल तर सेटिंग्जमध्ये सुचवलेला मजकूर रिसेट करायची सोय आहे, ती वापरा. आणि रील करायचीच तर मंडळींना बसवा, टाळ घ्या, सगळा अभंग म्हणा. तीन मिनिटांत आरामात बसतो; फक्त लय धावू देऊ नका.