भोसरीत आपला माल किती खपेल? टार्गेट लावायच्या आधी हे काढा

आपल्याकडे टार्गेट कसं ठरतं तर मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचा, वर वीस टक्के चढवायचे आणि सेल्सवाल्याच्या गळ्यात मारायचं. पण त्या एरियात तेवढा माल लागतो तरी का, हे कोणी बघत नाही. भोसरीच्या कारखान्यांत लागणाऱ्या कूलंट ऑइलचं (धातू कापताना मशीन थंड ठेवायला पाण्यात मिसळून टाकीत भरतात ते) उदाहरण घेऊन सांगतो, बाकी कुठल्याही मालाला हीच पद्धत चालते.

कंपन्या मोजू नका, मशीन मोजा. एका गाळ्यात दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीन) असतात, शेजारच्यात वीस, आणि बोर्ड मात्र दोघांचे सारखेच. ट्रॉब (ऑटोमॅटिक लेथ) वेगळे धरा, त्यांना 'नीट' (neat) कटिंग ऑइल लागतं, म्हणजे पाण्यात न मिसळता तसंच वापरायचं. गुरुवारी जाऊ नका, सुट्टी असते. मालकापेक्षा ऑपरेटरला विचारा, किती शिफ्ट चालतात आणि टाकीत रोज किती भर घालतो ते तो बरोबर सांगतो. मालक मशीन सगळी सांगणार, बंद पडलेली पण!

आता समजा एका ब्लॉकात 180 मशीन खरोखर चालू आहेत, काही एक शिफ्ट काही दोन, मिळून रोजच्या 300 मशीन-शिफ्ट (एक मशीन एक शिफ्ट चाललं की एक). दर शिफ्टला 10 लिटर भर, त्यात 3 टक्के ऑइल म्हणजे 0.3 लिटर, महिन्याचे 26 दिवस धरले तर 2,340 लिटर. शिवाय वर्षातून दोनदा 150 लिटरची टाकी पूर्ण बदलायची, 5 टक्क्याने एका वेळी साडेसात लिटर ऑइल, 180 मशीनचं महिन्याला 225 लिटर पडतं. एकूण 2,565, म्हणजे 210 लिटरचे साधारण 12 बॅरल. टक्केवारी मात्र ऐकीव घेऊ नका, खूप ठिकाणी डोळ्याच्या अंदाजाने ओततात, रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून पाण्यात ऑइल किती ते दाखवणारं छोटं यंत्र) खिशात ठेवा आणि चार-पाच टाक्यांचा थेंब बघा (रीडिंगला त्या ऑइलच्या फॅक्टरने, म्हणजे ऑइल कंपनीने दिलेल्या आकड्याने, गुणून), 3 चे 4 झाले तर वरच्या 2,340 चे 3,120 होतात.

हे 12 बॅरल म्हणजे तुमचं टार्गेट नाही बरं का, ही सगळ्या विक्रेत्यांची मिळून खपत. ज्यांच्या कस्टमरने ऑइलचा ब्रँड ठरवून दिलाय ते वजा करा, ज्यांचं वर्षाचं रेट कॉन्ट्रॅक्ट झालंय ते त्याच्या संपायच्या महिन्यात टाका, आणि उधारी बुडवणारे कायमचे काढा. समजा 6 उरले. नवीन माणसाला पहिल्या वर्षी त्यातला चौथा हिस्सा जरी मिळाला तरी चांगलं म्हणेन मी, म्हणजे महिन्याला दीड बॅरल. एवढ्यात त्याचा पगार आणि पेट्रोल निघत नसेल तर त्याच माणसाला चाकणचा पट्टा पण जोडून द्या, नाहीतर तो ब्लॉक डीलरकडे सोडा.

दिवाळीच्या महिन्यात 26 दिवस धरू नका, तेवढे भरतच नाहीत. मशीनची यादी सहा महिन्यांनी परत फिरून तपासा, गाळे रिकामे होतात, मशीन विकली जातात आणि आपल्या एक्सेलमध्ये ती चालूच असतात.