टेलिफोनी बोर्डाचं स्विचिंग: या चुका टाळा

"सर, आवाज टिकटिक करून राहिला." नागपूरजवळच्या हिंगण्यापासून बुटीबोरीपर्यंत कुठूनही फोन येवो, तक्रार हीच. बोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरला फोन लाइन जोडणारं कार्ड, चांगला असतो. पीआरआय, म्हणजे एकाच वेळी तीस कॉल नेणारी एक्स्चेंजची डिजिटल लाइन, चालू असते. घोळ बहुतेक वेळा सेटिंगमध्ये निघतो.

सगळ्यात जास्त छळते ती क्लॉकची, म्हणजे बोर्डाचा ठेका धरणाऱ्या घड्याळाची चूक. पीआरआय ज्यावर चालते त्या ई-वन लाइनवर सेकंदाला ८,००० फ्रेम (डेटाचे ठरावीक तुकडे) धावतात, म्हणजे एक फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची. बोर्डांना आपसात जोडणाऱ्या रिबन केबलवर, म्हणजे सीटी बसवरही नेमका तोच ठेका हवा. म्हणून एकच बोर्ड प्रायमरी मास्टर (सगळ्यांना ठेका देणारा) करायचा आणि त्याने ठेका एक्स्चेंजच्या लाइनवरून उचलायचा. नवी मुलं 'इंटर्नल' (बोर्डाचा स्वतःचा क्लॉक) हा पर्याय दिसला की तसाच राहू देतात. कॉल लागतो, हॅलो ऐकू येतं, झालं काम म्हणून गाडीला किक मारतात.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हेच झालं होतं. फॅक्स अर्ध्या पानावर तुटायचा, बोलताना मागे बारीक टिक यायची. माझ्याआधी आलेल्यांनी केबल बदलली होती, अर्थिंग नव्याने केलं होतं, लाइनवाल्यांशी भांडणही झालं होतं. मी एका चॅनलवर १,००० हर्ट्झचा सलग टोन सोडला, दुसऱ्या टोकाला हेडफोन लावला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसलो. टिक. सहा सेकंद गेले, पुन्हा टिक. दहा मिनिटं ऐकलं, अंतर जराही हललं नाही. सैल केबलचा आवाज असा शिस्तीत येत नाही, तो कधीही येतो. दर सहा सेकंदांना एक फ्रेम घसरते म्हणजे दोन क्लॉकमध्ये दहा लाखांत सुमारे २० चा फरक. व्हॉइस बोर्ड स्वतःच्या क्रिस्टलवर मास्टर होऊन बसला होता आणि लाइनवरचा आवाज येत होता एक्स्चेंजच्या ठेक्यात. ई-वन बोर्डाला प्रायमरी केलं, दुसरी लाइन असलेल्या बोर्डाला सेकंडरी (पहिला पडला तर ठेका देणारा), बाकीचे स्लेव्ह (ठेका नुसता पाळणारे). टिक गेली, फॅक्स पूर्ण उतरला. पाच मिनिटांच्या कामासाठी त्या लोकांचे पंधरा दिवस गेले होते, याचं मला फार वाईट वाटलं.

अ‍ॅस्टेरिस्क हे फोन एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी स्पॅनच्या (लाइनच्या सेटिंगच्या) ओळीतला दुसरा आकडा बघावा. एक्स्चेंजच्या लाइनला तिथे ० असेल, तर त्या लाइनवरून क्लॉक घेतलाच जात नाही. पहिल्या लाइनला १, दुसरीला २ द्या. माझी सवय अशी की स्लिपचा, म्हणजे घसरलेल्या फ्रेमचा काउंटर शून्य करून सिस्टम रात्रभर चालवायची. सकाळी काउंटर शून्यावर दिसला तरच काम संपल्याची सही घ्यायची. एक रात्र थांबायला कंटाळणाऱ्या माणसाने या कामात पडू नये.

दुसरी चूक राउटिंगची. बसवर प्रत्येक चॅनलला बोलायला स्वतःचा टाइमस्लॉट (वेळेचा ठरलेला तुकडा) असतो. त्याने ऐकायचं कुणाचं, हे आपण सांगायचं. म्हणजे दोघांना जोडायचं तर 'लिसन' ही आज्ञा दोनदा द्यावी लागते, इकडून एक आणि तिकडून एक. एक विसरलं की एकाच बाजूचा आवाज जातो.

ते निदान लगेच कळतं. कॉल संपल्यावर 'अनलिसन' (ऐकणं बंद करायची आज्ञा) राहून गेलं तर कळत नाही. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात अपॉइंटमेंटसाठी फोन केलेल्या बाईंच्या कानावर दुसऱ्याच पेशंटचं बोलणं पडलं. कॉल नीट संपला तर अनलिसन होत होतं, पण ट्रान्सफर चालू असताना फोन कटला तर होत नव्हतं. माणूस डॉक्टरांशी विश्वासाने बोलतो, तिथे असं होणं मला सहन होत नाही. मी नवा कॉल उचलण्याआधी प्रत्येक चॅनलला अनलिसन देतोच, आधी दिलेलं असो वा नसो. टेस्टिंगमध्येही मुद्दाम मध्येच फोन कापून बघतो.

प्रॉम्प्ट (सिस्टमचे रेकॉर्ड केलेले संदेश) फाटल्यासारखे वाजत असतील तर फाइली तपासा. आपल्याकडे आवाजाचे आकडे करायला ए-लॉ ही पद्धत चालते आणि अमेरिकेतून आलेल्या नमुना फाइली बहुधा म्यू-लॉच्या असतात.

पीआरआयवर स्लॉट ० फ्रेमिंगचा, १६ सिग्नलिंगचा (कॉल लावणं-तोडणं). आवाजाला १ ते १५ आणि १७ ते ३१. सलग १ ते ३० लिहू नका.

रिबन केबलचं टर्मिनेशन (सिग्नल परत उलटू नये म्हणून टोकाला लावायचा रोध) फक्त दोन टोकांच्या बोर्डांवर ठेवा, मधल्या बोर्डांचं काढा. नवा बोर्ड टोकाला लावला की जुन्या टोकाचा जंपर (टर्मिनेशन चालू ठेवणारी छोटी टोपी) काढायचा राहतो, हमखास.

अ‍ॅनालॉग लाइन कॉलनंतर लटकून राहत असेल तर टोनच्या सेटिंगमध्ये देश भारत केला आहे का बघा. आपला बिझी टोन, जो ओळखून बोर्ड लाइन सोडतो, तो ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद.

आणि सर्व्हरच्या खोलीत कूलर नको. मे महिन्यात एसी बंद पडला की कुणीतरी मायेने वाळ्याचा कूलर आणून खिडकीत ठेवतं. त्या ओल्या हवेने आरजे-४५ प्लगच्या पिना हिरवट पडलेल्या मी बघितल्या आहेत. एसी दुरुस्त होईपर्यंत दार उघडं ठेवा, साधा पंखा लावा.