सेंद्रिय संयुग आम्लधर्मी की आम्लारिधर्मी, हे कसे ओळखावे

प्रात्यक्षिकात अनोळखी भुकटी मिळाली की विद्यार्थ्याचा हात आधी लिटमसकडे जातो. परंतु फिनॉल आणि अ‍ॅनिलीन ही दोन्ही इतकी सौम्य आहेत की लिटमस त्यांच्याविषयी फारसे काही सांगत नाही. खरा निर्णय विद्राव्यतेवर होतो आणि तिथे चाचण्यांचा क्रम पाळावाच लागतो.

प्रथम चिमूटभर पदार्थ 5% सोडिअम बायकार्बोनेटच्या 2–3 मिली द्रावणात टाकावा. बेंझोइक आम्लाचा पीकेए (आम्लाची तीव्रता दाखवणारा अंक; तो जितका कमी, तितके आम्ल तीव्र) सुमारे 4.2, तर कार्बोनिक आम्लाचा 6.4 असल्यामुळे बेंझोइक आम्ल कार्बन डायऑक्साइडला हुसकावून लावते आणि द्रावण फसफसते. कोरडी भुकटी भिजतानाही हवेचे बुडबुडे येतात, म्हणून पदार्थ विरघळतो का, हेही पाहावे. निवळ द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घातल्यावर पांढरा साका परत आला, तरच कार्बोक्सिलिक आम्ल म्हणावे.

येथे काही घडले नाही, तर नवा नमुना घेऊन 10% सोडिअम हायड्रॉक्साइड वापरावे. सुमारे 9.5 पीकेए असलेले बीटा-नॅफ्थॉल हे फिनॉल वर्गातले संयुग यात विरघळते. हीच चाचणी आधी केली असती, तर बेंझोइक आम्लही विरघळले असते आणि आम्ल व फिनॉल यांतला भेद हरवला असता. द्रावण तापवू नये, कारण एस्टर व अमाइड यांचे जलापघटन (पाण्याशी अभिक्रिया होऊन रेणू तुटणे) होऊन उदासीन पदार्थही आम्ल असल्याचा भास होतो.

दोन्हींत न विरघळणारा पदार्थ विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकावा. पॅरा-टोल्युइडीन विरघळते आणि सोडिअम हायड्रॉक्साइड घातल्यावर पुन्हा बाहेर पडते, म्हणजे ते आम्लारी ठरते.

मात्र नायट्रोजन दिसला की आम्लारी, हा समज सर्वाधिक फसवतो. अ‍ॅसिटॅनिलाइडमधील नायट्रोजनची, एरवी आम्लातला हायड्रोजन आयन स्वीकारणारी, एकाकी इलेक्ट्रॉन जोडी शेजारच्या कार्बोनिल गटाकडे ओढली जाते, तर डायफिनिलअमाइनमध्ये ती दोन बेंझीन वलयांत वाटली जाते. त्यामुळे दोन्ही विरल आम्लात विरघळत नाहीत. उलट, पिक्रिक आम्लात कार्बोक्सिल गट नसूनही तीन नायट्रो गटांमुळे ते बायकार्बोनेटला फसफसवते. अँथ्रानिलिक आम्ल तर बायकार्बोनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल या दोन्हींत विरघळते, म्हणून पहिली चाचणी यशस्वी झाली तरी नायट्रोजन असलेल्या नमुन्याची शेवटची चाचणीही करावी.