बातमीतला जुना हिशोब कसा वाचायचा

आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी बरीच पोरं आंतरराष्ट्रीय राजकारण म्हणजे तेल, पैसा आणि मिसाईल एवढंच धरून चालतात, आणि मग इराण असं का वागतो, कोरिया जपानवर अजून का चिडतो, हे विचारलं की गाडी अडते. माझं म्हणणं असंय की कुठलाही देश भांडायला उभा राहतो तेव्हा तो एक गोष्ट सांगत असतो, आणि त्या गोष्टीचं सुरुवातीचं साल सापडलं की निम्मी बातमी तिथंच उलगडते. ते साल शोधायचं कसं ते सांगतो.

वहीचं पान मधून दुमडा. एका बाजूला एक देश, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि मत वगैरे काही न लिहिता फक्त एवढंच लिहा की याची गोष्ट कुठल्या सालापासून सुरू होते. बांधाचं भांडण तलाठ्याकडे गेलं की एक भाऊ आजोबांच्या वाटणीपासून सांगायला लागतो आणि दुसरा सरकारी मोजणीपासून, दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत असतात, पण साल वेगळं म्हणून अन्याय कोणावर झाला तेही बदलतं. देशांचंही तसंच.

इराण-अमेरिका घ्या, सरावाला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. अमेरिकन माणूस 1979 पासून सुरू करतो: नोव्हेंबरमध्ये तेहरानच्या दूतावासात विद्यार्थी घुसले आणि 52 जणांना 444 दिवस ओलीस ठेवलं. इराणी माणूस मात्र 1953 पासून सुरू करतो. पंतप्रधान मोसादेक यांनी तेलाचं राष्ट्रीयीकरण केलेलं होतं, अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए आणि ब्रिटिश गुप्तहेरांनी मिळून त्यांचं सरकार पाडलं, आणि देश सोडून पळालेला शाह, म्हणजे इराणचा राजा, परत गादीवर आला. आता ही दोन सालं शेजारी ठेवून बघा. ऑक्टोबर 1979 मध्ये अमेरिकेनं त्याच, क्रांतीत हाकललेल्या शाहला उपचारासाठी आपल्याकडे घेतलं, तेव्हा तेहरानमधे लोकांना वाटलं की 1953 चाच खेळ परत सुरू झाला, आणि दोन आठवड्यांच्या आत दूतावास ताब्यात गेला. ओलीस ठेवणं बरोबर होतं असं मी बिलकुल म्हणत नाही. पण फक्त अमेरिकेच्या बाजूचं साल वाचलं तर ते लोक वेडे वाटतात, आणि दोन्ही वाचलं की त्यांची भीती कुठून आली ते दिसतं. त्यात 1988 पण टाका, अमेरिकन युद्धनौकेनं इराणचं प्रवासी विमान पाडलं, 290 माणसं गेली. हे अमेरिकेत किती जणांना आठवतं आणि इराणमध्ये किती जणांना, याचा विचार करा.

मग कॅलेंडर बघायचं. नेता कुठल्या तारखेला आणि कुठं उभा राहून बोलला याला फार महत्त्व असतं. सर्बियाचा नेता मिलोसेविचनं 28 जून 1989 ला कोसोवोत भाषण दिलं, म्हणजे सर्ब आणि ऑटोमन तुर्क यांच्यातल्या 1389 च्या कोसोवोच्या लढाईला बरोबर 600 वर्षं होत होती त्या दिवशी, आणि पुढच्या दहा वर्षांत युगोस्लाव्हिया रक्तात बुडाला. रशियात 9 मे हा विजय दिन असतो, दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे 2 कोटी 70 लाख माणसं मेली, जवळपास प्रत्येक घरात कोणीतरी गेलेलं आहे, त्यामुळे पुतिन 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला करताना नाझींचं नाव घेतात तेव्हा ते त्याच जखमेला हात घालतात. युक्रेननं 2023 मध्ये आपला दिवस 8 मे वर नेला, बाकी युरोपसारखा. एका दिवसाचाच फरक आहे पण त्यातून आम्ही कोणाकडचे हे सांगितलं.

तिसरी गोष्ट, आणि इथं लई जण घसरतात: घटना कधी घडली आणि तिचा सरकारी दिवस किंवा कायदा कधी झाला, ही दोन्ही सालं वेगवेगळी लिहा. जपानी सैन्यानं चीनमध्ये केलेलं नानजिंगचं हत्याकांड 1937 चं, पण चीननं 13 डिसेंबर हा राष्ट्रीय स्मृतिदिन केला 2014 मध्ये. स्टालिनच्या काळातला युक्रेनमधला होलोडोमोर दुष्काळ 1932-33 चा, त्याला वंशसंहार म्हणणारा कायदा 2006 चा. मधली वर्षं कुठं गेली, तेव्हा का नाही आणि आत्ताच का, हे विचारायचं. पण याचा अर्थ दुःख खोटं आहे असा काढू नका भो, मेलेली माणसं खरीच असतात, फक्त त्यांची आठवण बाहेर कधी काढायची हे सत्तेत बसलेले ठरवतात.

त्याच्याबरोबरच गोष्टीत काय गाळलंय ते बघा. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये शी जिनपिंग नवे नेते झाल्याझाल्या सहकाऱ्यांना घेऊन बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले, तिथलं प्रदर्शन सुरू होतं ब्रिटननं चीनशी केलेल्या अफूच्या युद्धापासून, म्हणजे 1842 चा नानजिंगचा तह, हाँगकाँग गेलं ते थेट 1997 ला परत मिळालं. ही अपमानाची गोष्ट खरीच आहे. पण माओच्या काळातल्या 1959-61 च्या दुष्काळात कोट्यवधी चिनी मेले, किंवा 1989 ला बीजिंगच्या तिआनआनमेन चौकात लष्करानं आंदोलन चिरडलं, ते त्या गोष्टीत शोधून सापडत नाही. आणि आपल्याकडे काय गाळलं जातं? त्या अफूतली बरीचशी सातपुड्यापलीकडच्या माळव्यातली होती, मुंबईहून जहाजानं चीनला जायची, आणि त्या पैशावर आपल्याकडचे व्यापारीही मोठे झाले. हे आपल्या शाळेत कोणी ठासून सांगत नाही.

आठवणीचं रूपांतर पैशात कुठं होतं तेही बघत जा. ऑक्टोबर 2018 मध्ये दक्षिण कोरियाच्या सुप्रीम कोर्टानं जपानी कंपनीला युद्धकाळात सक्तीनं राबवलेल्या मजुरांना भरपाई द्यायला सांगितलं. जपान म्हणतं 1965 च्या कराराने हिशोब मिटला. जुलै 2019 मध्ये जपाननं चिप आणि स्क्रीन बनवायला लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर बंधनं आणली, कोरियात लोकांनी जपानी बिअर आणि कपडे घेणं सोडलं. 1910 ते 1945 कोरियावर जपानची राजवट होती, तिचं भांडण थेट मोबाईलच्या कारखान्यात येऊन पोचलं.

हे सगळं डोक्यात बसायला सराव घरापासून करा असं मी मनापासून सांगेन. भुसावळहून बऱ्हाणपूरकडे गेलं की पुढं असीरगड, जुन्या खानदेशच्या फारुकी सुलतानांचा. 1601 मध्ये तो अकबराकडे गेला. दरबारी लिखाण एक कारण सांगतं, गडात रोगराई पसरली वगैरे, आणि जेझुइट पाद्र्यांची हकिकत म्हणते की सुलतानाला बोलणीला बोलावून धरलं आणि सोनं चारून गड फोडला. एकच गड, दोन गोष्टी, आणि दोन्ही सांगणाऱ्यांना आपापलं कारण होतं. खाज्या नाईकही तसाच. इंग्रजांच्या कागदांत लुटारू, सातपुड्यातल्या भिल्लांच्या आठवणीत 1857 चा लढवय्या. धुळ्यातल्या राजवाडे संशोधन मंडळात एकदा जाऊन बसा. राजवाड्यांनी गावोगाव फिरून जुनी पत्रं जमवली ती याच हट्टानं, की ऐकीव बखरीवर थांबायचं नाही, त्या काळातला कागद काढून बघायचा.

अजून एक सावधगिरी. कोणी नेता आजच्या शत्रूला हिटलर म्हणाला की जरा थांबा. 1938 च्या म्युनिक करारात ब्रिटन-फ्रान्सनं चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा हिटलरला देऊन टाकला, त्याचा धडा असा घेतला गेला की हुकूमशहासमोर नमलं की संपलं, आणि 1956 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांनी तोच धडा सुएझ कालवा ताब्यात घेणाऱ्या इजिप्तच्या नासेरला लावून तिथं फौज पाठवली. ती फौज अमेरिकेच्या दबावापुढं माघारी आली आणि ईडन यांना पद सोडावं लागलं. उदाहरण कुठं जुळतं ते नेता सांगतोच, कुठं जुळत नाही ते आपण लिहायचं.

आता एक जोडी तुम्हीच सोडवा, पोलंड आणि युक्रेन. 2022 पासून पोलंड युक्रेनच्या मागं घट्ट उभा आहे, लाखो निर्वासितांना घरात घेतलंय, तरी दोघांत एक जुनी गाठ आहे. पानावर 1943 लिहा, आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या व्होलिनियात युक्रेनियन बंडखोर सेनेनं पोलिश गावांवर केलेल्या कत्तली. त्याखाली 2015, युक्रेननं त्याच सेनेच्या लढवय्यांना कायद्यानं स्वातंत्र्यसैनिक मानलं. मग 2016, पोलंडच्या संसदेनं त्या कत्तलींना वंशसंहार म्हटलं. दोन्ही कॉलम भरून झाले की यांच्यातली पुढची बातमी उघडा, आणि आधी तारीख वाचा.