खेळण्यातील मोटारींसाठी घरच्या घरी कापडी रस्ता

खेळण्यातील मोटारींसाठी बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ तयार चटयांवर परदेशी गावे छापलेली असतात. आपल्या गल्लीतले वळण आणि रोजचे एसटी स्थानक मुलाला हवे असेल, तर ते घरीच शिवणे उत्तम. मात्र घरे, झाडे आणि दुकाने कितीही सुबक झाली तरी मोटारी अडखळल्या तर ती चटई चार दिवसांत कोपऱ्यात पडते; म्हणून सर्वाधिक कष्ट रस्त्यावर घ्यावेत.

मुळात मोटारी मोजाव्यात. मुठीत मावणारी नेहमीची धातूची मोटार साधारण ७ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद असते. समोरासमोरून दोन मोटारी सहज जाव्यात आणि त्यांना धरणाऱ्या बोटांनाही जागा मिळावी, यासाठी रस्ता ९ सेंटिमीटर रुंद असावा. पूर्ण चटई ९० बाय १२० सेंटिमीटरची केल्यास दोन मुलांना पुरते आणि मध्यापर्यंत हातही पोहोचतो.

आराखडा जुन्या वर्तमानपत्रांचे कागद जोडून त्यावर खऱ्या मापात काढावा. रस्ता कोठेही एकदम संपू नये, तो फिरून पुन्हा मूळ जागी यावा. ठाण्याच्या मासुंदा तलावाला जसा रस्त्याचा वेढा आहे, तसा मध्यभागी निळा तलाव, त्याभोवती मुख्य रस्ता आणि त्याला फुटणारे दोन-तीन फाटे, एवढा आराखडा पुरेसा होतो. वळणांसाठी १२ सेंटिमीटर व्यासाची बशी आणि ३० सेंटिमीटर व्यासाचे ताट एकाच मध्यबिंदूवर ठेवून दोन वर्तुळे आखली, की मधला पट्टा बरोबर ९ सेंटिमीटरचा मिळतो. याहून तंग वळण मुलाच्या मनगटाला अवघड जाते.

तळासाठी केसमेंट किंवा पडद्याचे घट्ट विणीचे हिरवे अथवा मातकट कापड घ्यावे. सोलापुरी चादर वर कधीही वापरू नये, कारण तिच्या जाड, उठावदार विणीत बारीक चाके अडकतात. अस्तर म्हणून मात्र ती उत्तम आहे. रस्त्यासाठी जुन्या जीन्सचे गडद कापड मला सर्वांत योग्य वाटते. फेल्ट कापायला सोपे असले तरी त्याला लवकर लव सुटते आणि तीच लव चाकांच्या आसात गुंडाळली जाते. सर्व कापडे आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावीत, नाहीतर पहिल्याच धुण्यात एक कापड आटते, दुसरे तसेच राहते आणि रस्त्याला सुरकुत्या पडतात.

सरळ पट्टी ओढून वळवण्याचा मोह टाळावा. जीन्सचे इतके रुंद कापड उरेब (धाग्यांना तिरके) कापले तरी एवढ्या लहान वळणावर सपाट बसत नाही. म्हणून वळणाचा तुकडा कागदी नमुन्यावरून अखंड कापावा. जीन्सच्या जाड शिवणी तुकड्यात येऊ देऊ नयेत. दोन तुकडे एकावर एक न चढवता कडेला कड भिडवावी, तळाच्या कापडावर टाचण्यांनी बसवून धावदोरा घालावा आणि कड दुमडल्याशिवाय झिगझॅग शिलाई मारावी. दुमडलेली कड उंचवटा होऊन चाकाला अडवते. यंत्रावर फक्त सरळ शिलाई असेल, तर कडेपासून २ आणि ६ मिलिमीटरवर दोन ओळी माराव्यात, म्हणजे थोडे धागे सुटले तरी कापड उसवत जाणार नाही.

पांढऱ्या रेषांसाठी मास्किंग टेप चिकटवून मध्ये फॅब्रिक कलरचे दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड थर पुढे तडकतो. रंग पूर्ण वाळल्यावर बाटलीवरील सूचनेनुसार उलट्या बाजूने इस्त्री करावी. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, तेव्हा थांबण्याची आडवी रेषा चौकाच्या अलीकडे रस्त्याच्या डाव्या अर्ध्या भागातच काढावी आणि वर्तुळाकार चौकातील बाण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने दाखवावेत.

इमारती मोजक्याच असाव्यात: एसटी स्थानक, पेट्रोल पंप, शाळा, हवे तर रेल्वे फाटक. मोकळी जागा राखल्यास मुले तेथे ठोकळ्यांची घरे उभारतात. सजावटीसाठी बटणे, मणी किंवा टिकल्या लावू नयेत. लहान भावंड त्या तोंडात घालते.

शेवटी अस्तर लावून चारही कडा पट्टीने बंद कराव्यात. गुळगुळीत फरशीवर चटई सरकू नये यासाठी खाली, कपाटाच्या खणात अंथरतात ती रबरी जाळी घालावी, पण ती शिवून टाकू नये; सुटी असली तर चटई धुताना काढता येते. चटई थंड पाण्यात, उलटी करून धुवावी, सावलीत वाळवावी आणि ठेवताना घडी न घालता गुंडाळावी, कारण घडीच्या रेषेवर रंग सर्वांत आधी उडतो.