टीव्हीच्या जाहिरातीत काम करायचंय? ठाण्यात राहून अशी तयारी करा

ठाण्यात एकांकिका गाजवलेल्या मुलामुलींची कमी नाही. आवाज कमावलेला असतो, पाठांतर चोख असतं. तरी जाहिरातीच्या ऑडिशनला यातले बरेच जण पहिल्याच फेरीत मागे पडतात, कारण गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलेला हावभाव कॅमेऱ्याला फार मोठा होतो. जाहिरात 10, 20 किंवा 30 सेकंदांची; त्यात एका चेहऱ्याच्या वाट्याला येतात दोन-तीन सेकंद. तेवढ्यात एकच भाव, पण खरा दिसायला हवा.

याचा सराव मोबाइलवर करा. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर. खिडकीचा उजेड समोरून, मागे कोरी भिंत, फ्रेममध्ये छातीपासून वरचा भाग. आता चहाचा घोट घ्या आणि तो आवडला, एवढंच दाखवा. क्लिप आवाज बंद करून बघा. बहुतेकांच्या भुवया आधी उडतात आणि घोट गिळायच्या आत हसू येतं. चव कळण्याआधी आलेलं हसू खोटंच दिसणार. घोट गिळा, अर्धा सेकंद काहीही करू नका, मग डोळ्यांत येईल ते येऊ द्या. ओठ मागून येतात. हे जमेपर्यंत डायलॉगकडे वळू नका.

मग हातात वस्तू घ्या. पुडा किंवा बाटली धरताना बोटं नावावर येऊ नयेत, लेबल कॅमेऱ्याकडे राहावं, पण मनगट मुद्दाम वळवल्यासारखं दिसू नये. कप कोणत्या हाताने, वाक्यातल्या कोणत्या शब्दावर उचलला ते पक्कं लक्षात ठेवा. तोच प्रसंग जवळून, लांबून, दुसऱ्या बाजूने पुन्हा घेतला जातो. हात बदलला की एडिटिंगमध्ये तुकडे जुळत नाहीत. खाण्याच्या शॉटचे वीसेक टेक सहज होतात. प्रत्येक घास गिळायची गरज नसते. ‘कट’ झाल्यावर थुंकायला भांडं मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. नाहीतर दहाव्या टेकला तोंडावर भुकेऐवजी तुडुंब भरलेलं पोट दिसतं.

“एक सेकंद कमी कर,” असं दिग्दर्शक हमखास सांगतो. नवखा माणूस घाईघाईत ब्रँडचं नावच गिळून टाकतो. शब्द तसेच ठेवा, मधले थांबे कमी करा. स्टॉपवॉच लावून एकच वाक्य आधी 5 सेकंदांत, मग 4 सेकंदांत म्हणा. हिंदीही घासून घ्या: हिंदी ‘जगह’मध्ये आपल्या ‘जागा’तला ज डोकावला की लगेच कानाला जाणवतो.

क्लास लावायचा तर एकच चौकशी करा: आठवड्यात प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर किती मिनिटं मिळतात आणि ती क्लिप बसून दाखवतात का? कामाची हमी देणाऱ्या क्लासपासून लांब राहा. ऑडिशनसाठी किंवा नाव नोंदवण्यासाठी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

ऑडिशन बहुतेक अंधेरी-वर्सोवा पट्ट्यात, आराम नगरच्या आसपास. ठाण्याहून घाटकोपर लोकल, पुढे वर्सोवा मेट्रो. वाशी-नेरुळकरांनी हार्बरने कुर्ला, तिथून घाटकोपर. कपडे एकरंगी, बारीक रेघा कॅमेऱ्यात थरथरतात, मोठे लोगो नकोत. सुरुवातीला नाव, वय, उंची, शूटच्या तारखांना मोकळे आहात का आणि त्याच प्रकारच्या दुसऱ्या ब्रँडची जाहिरात केली आहे का, हे सांगायचं असतं. मग चेहरा दोन्ही बाजूंनी वळवून दाखवायचा (याला प्रोफाइल म्हणतात), कधी हातही. हा परिचय पाठ केल्यासारखा म्हणू नका. तुम्ही सहज कसे बोलता हे तिथेच पारखलं जातं.

निवड झाली की मानधनाच्या आकड्याबरोबर चार गोष्टी लेखी घ्या: जाहिरात किती काळ, कोणत्या माध्यमांत आणि कोणत्या प्रदेशात चालणार, आणि कोऑर्डिनेटरचं, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचं, कमिशन किती. मुदत लिहिलेली नसेल तर वर्षानुवर्षं ती जाहिरात चालत राहते आणि स्पर्धक ब्रँडची कामं हातची जातात. पैसे बहुधा दोन-तीन महिन्यांनी, टीडीएस कापून येतात. पॅन कार्ड तयार ठेवा.

लहान मुलांसाठी नियम वेगळे आहेत. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 3 तासांहून अधिक नाही, आणि मानधनाचा किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत जायला हवा. शूटच्या तारखा देण्याआधी पालकांनी परवानगीची प्रत मागून घ्यावी.