देशाच्या ऊर्जानियोजनावर प्रबंध लिहायचाय? सुरुवात रात्री दहाच्या लोडपासून करा

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची, एम.टेक.ची, कधी अर्थशास्त्राची मुलं रविवारी सकाळी माझ्याकडे दांडिया बाजारात येतात. हातात विषय तयार असतो: ‘भारताची २०४७ ची ऊर्जाव्यवस्था’ किंवा ‘शाश्वत ऊर्जाविकासाचा राष्ट्रीय आराखडा’. माझी सगळी नोकरी बडोद्यात वीजमागणीचे अंदाज बांधण्यात गेली. या कामावर माझा जीव आहे, आणि आपली मुलं या विषयात यावीत असं मला फार वाटतं. म्हणून प्रत्येकाला मी पहिल्याच भेटीत एक गोष्ट सांगते: वर्षाच्या बेरजेपासून सुरुवात करू नका, तासापासून करा. देशाला वर्षभरात किती वीज लागेल हे कळल्याने फारसं काही ठरत नाही. ती कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि कशासाठी लागेल, यावरून कोणतं केंद्र बांधायचं ते ठरतं.

आधी प्रश्न नीट बेतून घ्या. ‘भारतातील सौरऊर्जेचं भवितव्य’ हा प्रश्न नव्हे, मथळा आहे. ‘२०३२ च्या मे महिन्यात रात्री दहा वाजता पश्चिम भारताला लागणारी वीज कुठून येईल?’ हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर चूक की बरोबर, हे कुणालाही तपासता येतं.

मग सीमा ठरवा. सरदार सरोवर घ्या, बडोद्याहून सहज बघून येण्यासारखं आहे. धरण गुजरातेत, पण १४५० मेगावॉटच्या त्या विजेत मध्य प्रदेशचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७ आणि गुजरातचा फक्त १६. म्हणजे ‘गुजरातचं मॉडेल’ करताना केंद्र कुठे उभं आहे ते पाहायचं नाही, वीज कुणाच्या खात्यावर पडते ते पाहायचं. शिवाय ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही लाइन जोडली गेल्यापासून सगळा देश एकाच फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे एकाच जोडलेल्या वीजजाळ्यावर चालतो. त्यामुळे राज्याचा अभ्यास केलात तरी बाहेरून येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगळ्या रकान्यात मांडावी लागेल.

क्षमता आणि ऊर्जा यांची गल्लत हा या विषयातला सगळ्यात मोठा सापळा आहे. क्षमता म्हणजे केंद्र एका वेळी जास्तीत जास्त किती जोर देऊ शकतं ते, ऊर्जा म्हणजे त्याने प्रत्यक्षात किती वीज दिली ते. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. बातमी खरी आहे आणि आनंदाची आहे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून तीन चतुर्थांशाच्या आसपास आहे. एक मेगावॉट सौर २० टक्के वापराने वर्षाला १,७५२ मेगावॉट-तास देतं. एक मेगावॉट कोळसा ६५ टक्क्यांनी चालला तर ५,६९४. साठवणुकीतही हेच. २०२३ साली आलेल्या राष्ट्रीय विद्युत आराखड्यात २०३१-३२ साठी सुमारे ४७ गिगावॉट आणि २३६ गिगावॉट-तासांच्या बॅटऱ्या धरल्या आहेत. पहिला आकडा नळाच्या तोटीचा आणि दुसरा टाकीचा. भागाकार केला की कळतं, या बॅटऱ्या पूर्ण जोरात पाच तास चालतील. माझ्याकडे येणाऱ्या मुलांकडून हे भागाकार मी कागदावर करून घेते, कॅल्क्युलेटर नंतर.

आता माहिती. मागणीसाठी ग्रिड-इंडियाचा, म्हणजे देशाचं वीजजाळं सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीचा, रोजचा अहवाल उघडा. त्यात संध्याकाळची मागणी आणि दिवसातली कमाल मागणी, ती किती वाजता आली यासकट, विभागवार मिळते; कमाल मागणी राज्यवारही असते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे मासिक अहवाल क्षमता आणि निर्मितीसाठी, सांख्यिकी मंत्रालयाचं वार्षिक ऊर्जा-सांख्यिकीचं प्रकाशन सगळ्या इंधनांच्या ताळेबंदासाठी, तेल-गॅससाठी पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन-विश्लेषण कक्ष. घरात काय जळतं आणि काय चालतं याची माहिती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही मिळते, हे बऱ्याच इंजिनीअर मुलांना माहीत नसतं.

हे सगळं ८,७६० ओळींच्या एका तक्त्यात उतरवा. वर्षाचे तेवढेच तास असतात. तासाचा आकडा मिळत नसेल तर चार महिन्यांतला प्रत्येकी एक नमुना दिवस घ्या: जानेवारी, मे, ऑगस्ट, ऑक्टोबर. आणि मग आलेखाकडे नुसतं बघत बसा. मी खरंच सांगते, या बघण्याला पर्याय नाही. आमच्या गुजरातेत दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत कारखाने बंद, तेव्हा आलेख खाली बसतो. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळं शहर पतंग उडवायला गच्चीवर असतं, दिवसाचं रूपच बदलतं. नवरात्रात गरब्याची मैदानं रात्री उशिरापर्यंत उजळलेली असतात. जुलैत दोन दिवस झड लागली की शेतीपंप थांबतात आणि मागणी झपकन उतरते. सणवार आणि पाऊस कळल्याशिवाय मागणी कळत नाही.

त्यातही एक बारकावा आहे. मागणी ही आभाळातून पडलेली गोष्ट नसते, धोरण तिला हलवतं. गुजरातने २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत शेतीचे फीडर, म्हणजे वीज पोचवणाऱ्या वाहिन्या, गावठाणापासून वेगळे केले, म्हणून पंपांची वेळ ठरवता येऊ लागली. २०२० मध्ये किसान सूर्योदय योजना आली आणि शेतीची वीज दिवसाकडे सरकू लागली. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा रोख तोच. पूर्वी रात्री पाणी द्यायला विंचूकाट्यांतून जाणारा शेतकरी दिवसा जातो आणि पंपांचा भार सूर्याच्या तासांत येतो. असे दोन्हीकडचे फायदे एकत्र दाखवणारा अभ्यास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘शाश्वत विकास’ या शब्दांना त्यानेच अर्थ येतो.

यानंतर मागणी फोडायची: कोणत्या उपकरणाने, किती वाजता. ही पद्धत आपल्याकडे बंगळूरच्या अमूल्य रेड्डींनी ठामपणे मांडली. लोकांना युनिटं नको असतात, उजेड, गारवा, शिजलेलं अन्न हवं असतं. तेव्हा नियोजन तिथून सुरू करा, असं त्यांचं म्हणणं. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाचं कामही याच वाटेवरचं, तेही जरूर वाचा.

छताच्या पंख्याचं उदाहरण पूर्ण करून दाखवते. जुना पंखा ७५ वॉट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दिवसाला १५ तास, वर्षाला २४० दिवस धरले तर जुना २७० युनिटं खातो, नवा १०८. वाचली १६२. बहुतेक प्रबंध इथे थांबतात आणि १६२ ला पंख्यांच्या संख्येने गुणून मोकळे होतात. तुम्ही पुढे जा. एक कोटी पंखे बदलले तर प्रत्येकी ४५ वॉट, म्हणजे ४५० मेगावॉट. पण रात्री दहाला सगळे पंखे चालू नसतात. सत्तर टक्के धरा, ३१५ राहिले. आता उलट दिशेने चला: केंद्रापासून घरापर्यंत १५ टक्के गळती धरली, तर केंद्रावरची बचत ३१५ भागिले ०.८५, म्हणजे सुमारे ३७० मेगावॉट. महीकाठच्या वणाकबोरीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रातल्या नव्या संचाची क्षमता ८०० मेगावॉट आहे. त्याच्या निम्म्याला थोडं कमी. आणि ही बचत सूर्य मावळल्यावरची आहे, जेव्हा वीज सगळ्यात महाग आणि कोळशाची असते. एवढं लिहिलंत की तुमच्या पंख्याला राष्ट्रीय आराखड्यात जागा मिळाली.

त्यातले ‘सत्तर टक्के’ आणि ‘१५ तास’ कुठून आणायचे? लोकांच्या घरून. मेच्या रात्री ओळखीच्या घरांत जा, दहा वाजता मीटरचं रीडिंग घ्या, अकराला पुन्हा घ्या. फरक म्हणजे त्या तासाचा सरासरी लोड. किती पंखे, किती एसी चालू, ते वहीत लिहा. बडोद्यात म्हणाल तर वाडी भागातलं जुनं घर, गोत्रीतला फ्लॅट, मकरपुऱ्यात भाड्याने राहणाऱ्या कामगारांची खोली, तिन्ही प्रकार हवेत. फक्त मित्रांच्या सोसायटीत फिरलात तर तुमच्या देशात सगळ्यांकडे एसी असेल. घरच्यांना आधी सांगा कशासाठी विचारताय, नावं लिहू नका, आणि काम झाल्यावर त्यांचं बिल त्यांना समजावून द्या. माणसं मनापासून मदत करतात.

एसीचा हिशेब स्वतंत्र मांडा, कारण पुढची वीस वर्षं त्याचीच आहेत. २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात २०३७-३८ पर्यंत गारव्याची गरज २०१७-१८ च्या सुमारे आठपट होईल असं म्हटलंय.

वीज म्हणजे सगळी ऊर्जा नव्हे, हेही विसरू नका. अंतिम वापरात तिचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपासच आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये उष्णतेची साधारण १८० युनिटं असतात. शेगडी त्यातली साठ टक्के भांड्यात घालते, इंडक्शन ८५ टक्के. म्हणजे एका सिलिंडरऐवजी सुमारे १२७ युनिटं वीज लागेल. पण पोळ्या कधी होतात? संध्याकाळी सात-साडेसातला. आयात गॅस वाचवायला निघालो आणि सूर्यास्तानंतरच्या कठीण तासावर नवा भार टाकला, हे तक्त्यात दिसलं पाहिजे.

पुरवठ्याची बाजू मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर पुस्तकं भरपूर आहेत. प्रत्येक तासाच्या मागणीतून आधी सौर आणि पवन वजा करा. उरतं ते कोळसा, जल, अणू, गॅस आणि साठवणुकीने भरायचं. कोळशाचा संच दुपारी हवा तितका खाली आणता येत नाही. २०२३ च्या नियमांनी किमान पातळी ५५ टक्क्यांवर आणायला सांगितलीय. ती तक्त्यात घातली नाही तर तुमचं मॉडेल दुपारी कोळसा बंद करून संध्याकाळी चुटकीसरशी पेटवेल. पवनाचा जोर पावसाळ्यात, जानेवारीच्या रात्री त्याच्यावर भिस्त ठेवू नका. साठवणुकीत बॅटरीबरोबर पाणीही धरा. सरदार सरोवरच्या नदीपात्रातल्या वीजगृहाचे २०० मेगावॉटचे सहा संच उलटे फिरून पाणी वर चढवता येईल अशा बनावटीचे आहेत. कार्बनसाठी सुरुवातीला एका युनिटामागे ०.७ किलोच्या आसपासचा देशाचा सरासरी आकडा चालेल, पण तासाचं मॉडेल केलंय तर तासाचं उत्सर्जनही काढा.

भविष्याचा अंदाज एका आकड्यात कधीच देऊ नका. देशाच्या वीजमागणीचा अंदाज बांधणाऱ्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विद्युत सर्वेक्षणांचंच बघा. २०२१-२२ ची कमाल मागणी अठराव्या सर्वेक्षणाने सुमारे २८३ गिगावॉट सांगितली होती, एकोणिसाव्याने २२६, आणि प्रत्यक्षात आली २०३. मधे करोना आला, उद्योग मंदावले, एलईडी दिवे घरोघरी गेले. पुढे ३० मे २०२४ ला मागणी २५० गिगावॉटवर गेली. मोठ्या यंत्रणेचे, अनुभवी माणसांचे अंदाज इतके हलतात. म्हणून किमान तीन चित्रं मांडा आणि प्रत्येकात काय धरलंय ते सुरुवातीच्याच पानावर लिहा. तुमची पद्धत मागच्या एखाद्या वर्षावर चालवून बघा. २०१९ पर्यंतची माहिती देऊन तिने २०२३ जवळपास गाठलं, तरच तिला २०३२ विचारा.

सॉफ्टवेअर मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. लीप वापरायला सोपं आहे आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना मोफत मिळतं. ओसमोसिस आणि पायपीएसए मुक्त आहेत, पण थोडं प्रोग्रॅमिंग यायला हवं. प्रयासने बांधलेलं रूमी भारताची माहिती डोळ्यांसमोर ठेवून केलंय. नीती आयोगाचं २०४७ चं ऊर्जा-सुरक्षा कॅल्क्युलेटर संकल्पना कळायला छान आहे. पण साध्या तक्त्यात चार नमुना दिवसांचा ताळेबंद जमेपर्यंत यांपैकी कशालाही हात लावू नका. मॉडेल उत्तर देतंच. ते पटण्यासारखं आहे की नाही, हे ज्याने हाताने गणित केलंय त्यालाच कळतं.

प्रबंध झाल्यावर तो कपाटात ठेवू नका. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम ३(४) प्रमाणे राष्ट्रीय विद्युत आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून जनतेच्या सूचना-हरकती मागवाव्या लागतात. राज्य नियामक आयोगांत दरवाढीच्या अर्जांवर जाहीर सुनावणी होते. तिथे दीडशे पानं कुणी वाचत नाही. एक पान करा: मसुद्यातलं कोणतं कोष्टक, त्यात काय धरलंय, तुमच्या मोजणीत काय आलं, फरक किती मेगावॉटचा आणि किती वाजताचा. सोबत तक्त्याची फाइल जोडा, सूत्रं उघडी ठेवून, म्हणजे समोरचा माणूस तुमचे सत्तर टक्के बदलून साठ करून बघू शकेल.